परके जनुक की भेसळ?

१/ नागझिऱ्याच्या वाटेवर पडलेली वाघाची विष्ठा हा अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाचा पुरावा असतो. तीत वाघाच्या आतड्यातील पेशी असतात. तसाच त्याने खाल्लेल्या चितळाचा आणि असंख्य जिवाणूंचा डीएनएही असतो. तो सारा एकत्र वाचून ‘वाघात चितळाची जनुके आढळली’ असे कोणी म्हणणार नाही. सूक्ष्म प्राण्यांच्या बाबतीत मात्र विज्ञानाची अशीच फसगत झाली आहे.

२/ प्रश्न अवघड आहे, कारण परकी जनुके प्राण्यांत खरोखरच शिरतात. यालाच क्षैतिज जनुक-हस्तांतरण म्हणतात. २००७ साली ज्युली डनिंग हॉटॉप व सहकाऱ्यांना ड्रॉसोफिला अननासी या माशीच्या गुणसूत्रात वोल्बाकिया जिवाणूचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच सापडला. प्रतिजैविकांनी जिवाणू नष्ट केल्यावरही ती जनुके टिकली आणि पित्याकडून संततीत उतरली. वोल्बाकिया स्वतः मातेकडूनच पुढे जातो. म्हणून हा पुरावा निर्णायक ठरला. तोवर जिवाणूंचे असे क्रम भेसळ समजून गाळण्याची रीत होती.

३/ पुढची चूक उलट दिशेने झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील थॉमस बूथबी व सहकाऱ्यांनी हिप्सिबियस दुजार्दिनी या टार्डिग्रेडची ६,६६३ जनुके, म्हणजे सुमारे एक षष्ठांश, परकी असल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच एडिनबरातील मार्क ब्लॅक्स्टर यांच्या गटाने त्याच प्राण्याचा स्वतंत्रपणे वाचलेला जनुकसंच पुढे ठेवला. त्यात त्यांतील बहुतेक जनुके नव्हतीच. ती प्राण्यासोबत वावरणाऱ्या जिवाणूंची होती.

४/ भेद ओळखावा कसा? खरे स्थलांतरित जनुक डीएनएच्या एकाच सलग तुकड्यावर प्राण्याच्या स्वतःच्या जनुकांशेजारी असते आणि त्यांच्याइतक्याच वेळा वाचले जाते. भेसळीच्या तुकड्यावर सर्व शेजारी जिवाणूचेच असतात, वाचनांची संख्या निराळी पडते आणि दुसऱ्या प्रयोगशाळेच्या नमुन्यात तो तुकडा बहुधा आढळत नाही.

५/ २०१६ साली जपानी संशोधकांनी दुसऱ्या एका टार्डिग्रेडचा काटेकोरपणे स्वच्छ केलेला जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यातील परक्या जनुकांचे प्रमाण १.२ टक्के भरले. ते थोडे असले तरी शून्य नव्हते.

६/ माशीच्या बाबतीत खरा वारसा कचरा म्हणून गाळला जात होता. टार्डिग्रेडच्या बाबतीत कचराच वारसा ठरला होता. जनुक कोणासारखे दिसते एवढ्यावरून ते कोणाचे हे ठरत नाही. ते कोठे बसले आहे आणि पुढच्या पिढीत उतरते का, हे पाहावे लागते.