कपाळावरच्या दिव्याची कुळकथा

रात्री सायकल चालवणारे आज हेल्मेटवर जो दिवा बांधतात, त्याचं घराणं कोळशाच्या खाणीतलं. १८५० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या खाणकामगारांनी टोपीच्या पुढच्या बाजूला तेलाचा दिवा अडकवायला सुरुवात केली. पत्र्याचा चिमुकला चंबू, पुढे नळीसारखी चोच, चोचीत वात आणि पाठीमागे एक आकडा. सगळी करामत त्या आकड्याची. त्याच्यामुळे कुदळ धरायला दोन्ही हात मोकळे झाले आणि मान वळेल तिकडे उजेड पडू लागला.

पण कपाळावर उघडी ज्योत होती. खाणीत कोळशातून सुटणारा वायू ज्योतीला भेटला की काय होतं, हे त्याआधीच दिसून चुकलं होतं. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं आणि पोरं गेली. त्यानंतर १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हींनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवलेला दिवा केला. जाळी उष्णता शोषून घेई, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नसे. मात्र तो दिवा हातात धरायचा किंवा जवळ टांगून ठेवायचा होता. पुढची कितीतरी वर्षं खाणकामगाराला दोहोंपैकी एकच मिळत राहिलं: सुरक्षित ज्योत, नाहीतर मोकळे हात.

याच काळात सायकलीचा दिवा वेगळ्या वाटेने वाढत होता. १८९२ मध्ये अमेरिकेत टॉमस विल्सन यांना दुसरंच काही करताना कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवण्याची रीत सापडली. आपल्याकडे आंबे पिकवायला चोरून वापरतात आणि ज्यावर बंदी आहे, तेच हे कार्बाइड. दिव्याच्या खालच्या डबीत त्याचे खडे भरायचे, वरच्या डबीत पाणी. खटका फिरवला की पाणी थेंबाथेंबाने खाली पडतं, अॅसिटिलीन वायू तयार होतो आणि चकचकीत तबकडीच्या मध्यभागी पांढरी, प्रखर ज्योत उभी राहते. मागे चुन्याचा लगदा उरतो, तो खरवडून टाकायचा. फ्रेडरिक बाल्डविन यांनी १९०० मध्ये कार्बाइडच्या सायकल-दिव्याचं अमेरिकन पेटंट घेतलं आणि त्याच तत्त्वावरचे छोटे दिवे पुढे खाणकामगारांच्या टोप्यांवर चढले. ही दोन घराणी इथे पहिल्यांदा एकत्र आली. ज्योत मात्र अजूनही उघडीच होती.

खरी सुटका विजेने केली. अमेरिकेच्या खाण विभागातले दोन अभियंते, जॉन रायन आणि जॉर्ज डाइके, यांनी १९१४ मध्ये पिट्सबर्गला कंपनी काढली आणि टॉमस एडिसन यांच्याकडून खाणकामगारांसाठी बॅटरीवरचा दिवा घडवून घेतला. त्याची रचना मला या सगळ्या कुळकथेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. जड बॅटरी कमरेच्या पट्ट्याला, तिथून पाठीवरून वर जाणारी वायर, आणि डोक्यावर फक्त दिव्याचं हलकं तोंड. वजन कमरेने वाहायचं, मानेने नाही. शिवाय बल्बची काच फुटली तर आतली स्प्रिंग बल्बला बाहेर ढकलून वीज तोडायची, म्हणजे तापलेली तार वायूच्या संपर्कात पेटती राहायची नाही. चंद्रपूर-बल्लारपूर भागातल्या भूमिगत खाणींत पिढ्यान् पिढ्या वापरला गेलेला कॅप लॅम्प याच वंशातला.

टोपीही बदलत गेली. १९१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एडवर्ड बुलार्ड यांनी कॅनव्हास वाफवून, गोंदाने कडक करून कामगारांसाठी टणक टोपी काढली. पुढे खाणीतल्या टणक टोप्यांना दिव्यासाठी कपाळावर धातूची पक्की खाच मिळाली.

सायकलवाल्यांनी खाणीकडून पुष्कळ घेतलं, पण ही पक्की खाच तेवढी घ्यायची नव्हती. खाणीत धोका वरून येतो: दगड पडतो, डोकं छताला आपटतं. सायकलवर डोकंच जमिनीवर जाऊन आदळतं, तेही वेगात, घासटत. तेव्हा हेल्मेटवरचा घट्ट उंचवटा रस्त्यात अडकला तर डोक्याला पीळ बसतो, मानेला हिसका बसतो. थेट दिव्यावरच आपटलं तर सगळा मार त्या एका ठिकाणी एकवटतो आणि आतल्या थर्माकोलला आघात पसरवायला वावच मिळत नाही. म्हणूनच अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या सायकल-हेल्मेटच्या नियमांत म्हटलं आहे की, पृष्ठभागाबाहेर ७ मिलिमीटरपेक्षा जास्त आलेला भाग आघाताने तुटून पडला पाहिजे किंवा चेपला पाहिजे. दिवा आपण नंतर बांधतो, पण तर्क तोच लावायचा.

हेल्मेटवर दिवा बांधायची गरज खऱ्या अर्थाने जाणवली ती डोंगरातल्या अरुंद पायवाटांवर. १९९२ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात माउंटन बाइकची चोवीस तासांची सांघिक शर्यत सुरू झाली, आणि स्पर्धक रात्रभर जंगलात फिरू लागले. हँडलबारवरचा दिवा चाक वळेल तिकडे बघतो. वळण मात्र चाकाच्या आधी डोळ्यांना दिसायला हवं. तेव्हाचे दिवे हॅलोजनचे, बॅटऱ्या जड, म्हणून पुन्हा एडिसनचीच मांडणी: बॅटरी पाठीवर, दिवा डोक्यावर. लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून बाजारात होती. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी केला आणि त्यातून काही वर्षांत पांढरा एलईडी आला. या दोहोंचा मेळ बसल्यावर दिवा आणि बॅटरी मिळून डोक्यावर सहज पेलतील इतकी हलकी झाली.

निवडताना म्हणूनच आधी वजन बघावं, उजेडाचा आकडा नंतर. दिवा जड झाला की हेल्मेट पुढे घसरतं, आणि घसरलेलं हेल्मेट डोकं नीट वाचवत नाही. झोत अरुंद हवा. जवळचा रुंद उजेड हँडलबारवरच्या दिव्याचं काम आहे. डांबरी रस्त्यावर तर तोच मुख्य दिवा. त्याचा उजेड खालून, तिरपा पडतो, खड्ड्याची कड सावलीने उठून दिसते. हेल्मेटवरचा दिवा जवळपास डोळ्यांच्याच रेषेत असतो, त्याच्या उजेडात सावली दिसत नाही, आणि खड्डा सपाट रस्त्यासारखा भासतो. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंध घाटात धुकं उतरलं की तो बंदच करावा, कारण धुक्यावरून परतलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइडमध्येही नियम हाच आहे की, दिवे सायकलीला पक्के बसवलेले हवेत, हेल्मेटवरचा तो जादा. समोरून कोणी आलं तर मान किंचित खाली घालावी. खाणीतही समोरच्याशी बोलताना दिवा त्याच्या तोंडावर धरत नाहीत.

बांधायला वेल्क्रोचा किंवा रबरी पट्टा हवा, हेल्मेटच्या हवेच्या भोकांतून ओवलेला. भोक पाडू नये, स्क्रू मारू नये, गोंद लावू नये. गोंदातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळू शकतं. दिवा मध्यभागी आणि शक्य तितका टेकून बसवावा. बॅटरी वेगळी असेल तर वायरची जोडणी मानेमागे, ओढल्याबरोबर सुटणारी ठेवावी. मग हेल्मेट घालून, हनुवटीचा पट्टा आवळून मान जोरात हलवावी: दिवा हलता कामा नये. त्यानंतर हाताने त्याला एक सणसणीत हिसका द्यावा. तो सुटून हातात यायला हवा. नाही आला, तर पट्टा बदलावा.