उडून गेलेले विमान परत आणण्याची गोष्ट (धागा)

जुन्या घडणीच्या रेडिओ-नियंत्रित विमानाचे किट उघडले की एकाच खोक्यातून दोन काळ बाहेर पडतात. एकीकडे १९३८ सालच्या आराखड्याची मोठी घडी, बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, पंखांच्या फासळ्या आणि आच्छादनाचा तलम कागद. दुसरीकडे सर्व्हो बसवण्यासाठी लेझरने कापलेली प्लायवूडची छोटी चौकट. मूळ आराखड्यात या चौकटीला जागाच नव्हती. आज ‘व्हिंटेज’ म्हणून बांधली जाणारी बहुतेक रेडिओ-विमाने जन्मली तेव्हा त्यांच्यात रेडिओ नव्हता. ती हातून सोडायची आणि मान वर करून पाहत राहायचे, एवढेच बांधणाऱ्याच्या हाती असे.

मग त्यांत रेडिओ आला कसा? आणि मुळात तो हवासा का वाटला? या प्रश्नांचे उत्तर त्या विमानाच्या आकारातच दडलेले आहे.

विमान नीट पाहावे. पंख अवाढव्य, आणि त्यांची टोके मध्यभागापेक्षा बरीच वर उचललेली. काही नमुन्यांत तो पंख धडाच्या वर एका उंच खांबणीवर बसवलेला. शेपटीचा आडवा पंखही गरजेपेक्षा मोठा वाटावा असा. आजच्या डोळ्यांना हे सारे ‘जुन्या काळची शोभा’ वाटते. वास्तविक त्यात शोभेचा भाग फार थोडा आहे. आत वैमानिक नाही, खाली कोणी दोर धरलेला नाही, तेव्हा वाऱ्याच्या झुळकीने विमान कलंडले तर त्याने स्वतःच सावरले पाहिजे. टोके उचललेली असल्याने एका बाजूला घसरणारे विमान पुन्हा समतल होते. शेपटीच्या कोनामुळे खाली गेलेले नाक पुन्हा वर येते.

ही युक्ती प्रथम यशस्वीपणे दाखवली ती आल्फॉन्स पेनो या फ्रेंच तरुणाने. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात त्याने पीळ दिलेल्या रबरावर चालणारे एक चिमुकले विमान सोडले. ते ११ सेकंद हवेत राहिले आणि सुमारे ४० मीटर गेले. पेनोचे वय तेव्हा अवघे २१ होते. नितंबाच्या दुखण्यामुळे त्याला नौदलात जाता आले नव्हते. पुढे १८७६ मध्ये त्याने पॉल गोशो याच्यासह माणसे वाहून नेणाऱ्या मोठ्या विमानाचे पेटंट घेतले. पण पैसा मिळाला नाही, पाठिंबा मिळाला नाही. १८८० मध्ये, तिशीतच, त्याने आपले जीवन संपवले. विमानविद्येच्या इतिहासात त्याचे नाव अनेकदा एका ओळीत उरकले जाते, हे अन्यायाचे आहे.

कारण त्याचेच रबर अमेरिकेतील एका घरात पोहोचले. १८७८ मध्ये मिल्टन राइट या धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी पेनोच्या रचनेवर बेतलेले, रबरावर उडणारे एक खेळणे आणले. विल्बर आणि ऑर्व्हिल ही ती मुले. गंमत अशी की, मोठेपणी या दोघांनी पेनोच्या नेमक्या उलट मार्ग धरला. त्यांचे १९०३ चे विमान स्वतःहून स्थिर राहणारे नव्हते. त्याला क्षणोक्षणी सावरणारा वैमानिक लागे, आणि त्या सावरण्याची, म्हणजेच नियंत्रणाची विद्या हाच राइट बंधूंचा खरा शोध होता.

नमुन्यांची विमाने बनवणाऱ्यांना हा मार्ग बंद होता. त्यांच्या विमानात बसणार कोण? तेव्हा जग राइट बंधूंच्या मागे गेले आणि छंदिष्ट मंडळी पेनोपाशीच थांबली.

इक्वेडोरमधून येणाऱ्या बाल्सा लाकडाने या छंदाचे रूप पालटले. नखाने दाबले तर खूण उमटावी इतके हे लाकूड मऊ, हलके असूनही वजनाच्या मानाने बळकट. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील मुलांच्या हाती पैसा नव्हता, वेळ मात्र भरपूर होता. शिकागोच्या ‘कॉमेट’ कंपनीची किटे दहा सेंटला मिळत. त्यांत तयार भाग नसत. बाल्साच्या फळीवर आकृत्या छापलेल्या असत. दाढीच्या पात्याने त्या एकेक करून कापायच्या. आराखडा पाटावर पसरायचा, त्यावर मेणकागद अंथरायचा, टाचण्यांनी काड्या जागच्या जागी रोखायच्या आणि सांध्यांवर सरस लावायचा. आराखडा आणि विमान एकाच मापाचे असल्याने कागदावरच विमान उभे राही. मग टिश्यू कागद चिकटवून त्यावर पाण्याचा फवारा मारायचा. सुकताना कागद ताणला जाऊन ढोलाच्या पानासारखा घट्ट होई. शेवटी ‘डोप’ नावाच्या वार्निशाचे हात. त्याचा उग्र वास त्या पिढीच्या आठवणींत कायमचा बसला.

इंजिन मात्र श्रीमंतांची चैन होती. फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउनने तरुणपणीच एक लहान पेट्रोल इंजिन घडवले. पुढे ‘ब्राउन ज्युनियर’ या नावाने ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत होती २१.५० डॉलर, म्हणजे दोनशेहून अधिक दहा-सेंटी किटांची किंमत! ब्राउनचा मित्र मॅक्सवेल बॅसेट याने या इंजिनाचे विमान १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरवले आणि रबरवाल्यांना असे मागे टाकले की, पुढे इंजिनांसाठी स्वतंत्र विभाग करावा लागला. १९३४ मध्ये बॅसेटचे विमान अडीच तासांहून अधिक काळ आकाशात राहिले आणि एका राज्यातून उडून दुसऱ्या राज्यात उतरले.

हा विक्रम होताच. पण तो छंदाच्या मर्मावरचा घावही होता. विमान जितके उत्तम, तितके ते हरवण्याची शक्यता अधिक. तापलेल्या शेतावरून वर चढणारा उष्ण हवेचा प्रवाह, म्हणजे ‘थर्मल’, या हलक्या विमानांना गिधाडासारखे वर घेऊन जाई. इंजिन बंद पडल्यावरही विमान खाली येण्याऐवजी ठिपका होत होत दिसेनासे होई. महिनोन्‌महिन्यांचे कष्ट आणि २१.५० डॉलरचे इंजिन दोन्ही ढगाआड. कटलेल्या पतंगामागे धावणारी मुले आपण पाहिली आहेत. इथे पतंग कोणी कापलेला नसे, तो मुळातच बिनदोराचा असे. आपले नाव आणि पत्ता विमानावर चिकटवणे हा तेव्हा शिरस्ताच होता. कुणा शेतकऱ्याला विमान सापडले आणि त्याने दया केली, तर ते परत येणार!

उपाय शोधले गेले. इंजिन किती सेकंद चालवायचे यावर स्पर्धांनी मर्यादा घातली. एक फारच कल्पक उपाय म्हणजे ‘डीथर्मलायझर’: शेपटीचा पंख रबरबँडने बांधायचा आणि त्यात जळती वात अडकवायची. ठरावीक वेळाने वात रबरबँडपर्यंत पोहोचून तो जाळी, शेपूट ताडकन वर उचलली जाई आणि विमान जवळजवळ आडव्या स्थितीतच हळूहळू खाली उतरे. कागद आणि लाकडाच्या विमानात जळती वात! आजच्या सुरक्षानियमांच्या काळात हे वाचतानाही अंगावर काटा येतो.

परंतु खरे उत्तर होते ते जमिनीवरून विमानाशी बोलण्याचे. १९३७ साली डेट्रॉइट येथील अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत रेडिओ-नियंत्रणाचा विभाग प्रथमच ठेवण्यात आला आणि चेस्टर लॅन्झो त्यात विजयी ठरला. त्याच वर्षी मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी आठ फुटी पंखांचे ‘गफ’ रेडिओने उडवले. कनेक्टिकटमध्ये रॉस हल हा ऑस्ट्रेलियन रेडिओतज्ज्ञ इंजिनविरहित ग्लायडरवर असेच प्रयोग करीत होता. पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणीच्या उपकरणावर काम करताना विजेचा धक्का बसून त्याचा मृत्यू झाला. त्या काळी रेडिओ हा खेळ नव्हता. प्रक्षेपणासाठी हौशी रेडिओचालकाचा सरकारी परवाना लागे आणि त्यासाठी मोर्स संकेतांची परीक्षा द्यावी लागे.

या आरंभीच्या यंत्रणा कशा चालत, हे समजून घेतल्याशिवाय विमानाच्या आकाराचे कोडे सुटत नाही. विमानात निर्वात नळीचा रिसीव्हर, एक रिले आणि जड बॅटऱ्या. रेडिओवरून जाणारा संदेश एकच: ‘आहे’ किंवा ‘नाही’. डावे, उजवे, थोडे, फार असे काही सांगण्याची सोयच नव्हती. ही उणीव ‘एस्केपमेंट’ या घड्याळासारख्या यंत्रणेने भरून काढली. पीळ दिलेले रबर एक दातेरी चाक फिरवू पाही. विद्युतचुंबक त्याला अडवून धरी. बटण दाबले की चाक एक टप्पा सरके आणि सुकाणू डावीकडे वळे. बटण सोडले की मध्यावर येई. पुन्हा दाबले की उजवीकडे. म्हणजे मागचे वळण कोणते होते हे चालवणाऱ्याने लक्षात ठेवायचे; विसरला तर विमान झाडाऐवजी झाडाकडेच वळायचे!

एवढ्या तोकड्या हुकमतीवर राइट बंधूंच्या पद्धतीचे, सतत सावरावे लागणारे विमान उडवणे अशक्य होते. रेडिओ बसू शकत होता तो फक्त स्वतःला सावरणाऱ्या विमानात. विमानाने आपले आपण उडायचे, माणसाने अधूनमधून दिशेचा सल्ला द्यायचा. पेनोचा पंख, पेनोची शेपूट, आणि सुकाणू हलवणारे रबरही पेनोच्याच परंपरेतले! रेडिओ-नियंत्रणाच्या इतिहासाची सुरुवात नव्या विमानाने झाली असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरते. ती झाली जुन्या विमानाला परत बोलावण्याने.

याच छंदाला एक युद्धाची वाटही फुटली. मूळचा ब्रिटिश आणि हॉलिवूडमध्ये स्थिरावलेला अभिनेता रेजिनाल्ड डेनी याचे नमुना-विमानांचे दुकान होते. रेडिओने उडणारे मोठे विमान तोफखान्याच्या नेमबाजीला लक्ष्य म्हणून वापरता येईल, हे त्याने अमेरिकी लष्कराला पटवले. त्याच्या ‘रेडिओप्लेन’ कंपनीने दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे १५,००० विमाने बनवली. आजच्या ड्रोनच्या वंशावळीत या विमानांचे स्थान पक्के आहे. १९४५ मध्ये या कारखान्यातील कामगार स्त्रियांची छायाचित्रे घ्यायला लष्कराचा छायाचित्रकार आला. त्याने टिपलेली नॉर्मा जीन नावाची तरुणी पुढे मेरिलिन मन्रो झाली. हौशी मुलांना परत हवे असलेले विमान आणि तोफांनी पाडण्यासाठीच बनवलेले विमान, दोन्ही एकाच घराण्यातली.

युद्धाने बाल्साही पळवले. ब्रिटिशांच्या ‘मॉस्किटो’ विमानाच्या धडात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हेच लाकूड भरलेले असे. किटांमध्ये पाइन आणि पुठ्ठा आला. अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ अँटिक मॉडेलर्स’ ही संस्था ‘ओल्ड टायमर’ विमानांसाठी १९४२ अखेरची सीमा मानते. तो एका काळाचा शेवट होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ही तारीख मनमानी वाटत नाही. संस्था निघाली १९६० च्या दशकात, आणि हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच दशकात काठी जितकी हलवावी तितकेच सुकाणू वळवणारे ‘प्रपोर्शनल’ रेडिओ आले, स्वतःहून स्थिर नसलेली कसरतीची विमाने उडवणे शक्य झाले आणि पेनोच्या घडणीची गरज संपली. गरज संपल्यावरच ती घडण ‘जुनी’ आणि प्रिय झाली.

आज असे किट बांधणाऱ्यापुढे इतिहासकाराचेच प्रश्न उभे राहतात. मूळ आराखड्यात अखंड असलेला उभा कल्ला कापून त्याला हलता रडर जोडावा लागतो. आडव्या शेपटीला एलिव्हेटर. हा फेरफार मूळ कृतीशी प्रतारणा की तिचे पुनर्वाचन? टिश्यू आणि डोप वापरावे की इस्त्रीने बसणारे प्लास्टिकचे आवरण? लेझरने कापलेल्या फासळ्या इतक्या अचूक असतात की १९३८ मधील कोणत्याही मुलाच्या हातून तशा निघाल्या नसत्या. बांधणाऱ्यांमध्ये यावरून कडाक्याचे वाद होतात, आणि ते व्हावेत. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकलेल्या छात्रांना तरी हे वाद परके वाटू नयेत. एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे: उचललेली टोके कमी करून पंख ‘आधुनिक’ करायला गेले की ते विमान दिसायला जुने राहते आणि उडायला जुने राहत नाही.

जुन्या विमानांच्या स्पर्धांतही रेडिओची भूमिका मर्यादित असते. इंजिन ठरलेले सेकंद चालते, मग बंद होते. पुढचे सारे तरंगणे विमानाचे स्वतःचे; चालवणारा त्याला थर्मलपाशी नेतो आणि शेवटी मैदानावर परत आणतो.

मूळ विमानाच्या धडात, इंजिनाच्या मागे, एक रिकामा कप्पा असे. ठिणगी पाडण्यासाठी लागणारी कॉइल आणि सुक्या बॅटऱ्या त्यात ठेवल्या जात. आज इंजिनाऐवजी विजेची मोटर बसवली की नाक हलके होते आणि तोल साधण्यासाठी वजन पुढे सरकवावे लागते. लिथियमची बॅटरी त्या कप्प्याच्या आसपासच जाऊन बसते.