कोष्टकात न मावणारी माहिती

जून १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतले गणितज्ञ एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर मोठ्या संस्थांची माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांच्या नोंदींसाठी निघालेली आयएमएस ही त्यातली गाजलेली प्रणाली. फांदी कुठून फुटते हे ठाऊक नसेल तर पान हाती लागत नसे. कॉड म्हणाले, सगळे साध्या कोष्टकांत मांडा. ओळी, रकाने आणि एका चौकटीत एकच किंमत.

शाळेचे जनरल रजिस्टर पाहिलेल्या माणसाला ही मांडणी लगेच पटते. अडचण एवढीच, की रकाने आधी आखावे लागतात.

ही अडचण रुग्णालयांत लवकर दिसली. तपासण्यांचे प्रकार हजारो, पण एका रुग्णाच्या वाट्याला त्यातल्या दहा-वीसच. प्रत्येक तपासणीला रकाना दिला तर कोष्टक रिकाम्या चौकटींनीच भरते, आणि नवी तपासणी आली की पुन्हा आखणी. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातील 'हेल्प' प्रणालीसारख्या ठिकाणी कोष्टक आडव्याऐवजी उभे केले गेले. एका ओळीत एकच गोष्ट: कोणाची, कोणती, किती. 'रुग्ण ४१, हिमोग्लोबिन, ११.२.' नवी तपासणी म्हणजे फक्त नवी ओळ. पण याची किंमत वाचताना मोजावी लागते. एका रुग्णाचे संपूर्ण चित्र हवे असेल तर तेच कोष्टक स्वतःलाच पुन्हा पुन्हा जोडावे लागते. शिवाय 'किती'च्या रकान्यात आकडा, तारीख, मजकूर सगळे एकत्र येते. तिथे कोणी चुकून 'मंगळवार' लिहिले तरी कोष्टक हरकत घेत नाही.

हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा नाही. पहिले नाव, वडिलांचे नाव, आडनाव हे तीन रकाने आपण महाराष्ट्रात जन्मभर भरतो. आपल्याकडे 'शेख' कधी नावाच्या आधी येते, कधी शेवटी. एका कागदावर 'शेख' आडनाव ठरते, दुसऱ्यावर तेच पहिले नाव होते. मग माणूस एक, नोंदी दोन, आणि त्या जुळवायला हेलपाटे. रकाने आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणाचे घर होते, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही.

२००९ मध्ये फ्रेंडफीडच्या ब्रेट टेलर यांनी वेगळी तोड लिहून ठेवली. त्यांच्याकडे पंचवीस कोटींहून जास्त नोंदी होत्या. मायएसक्यूएलमध्ये एक रकाना वाढवायचा तर कोष्टक तासन् तास कुलूपबंद होई. त्यांनी प्रत्येक नोंद गाठोडे बांधून एकाच चौकटीत ठेवली आणि शोधासाठी लागणाऱ्या मोजक्या गोष्टींची वेगळी छोटी कोष्टके केली. गाठोडे डेटाबेसला उघडता येत नव्हते, म्हणून ही सूची सांभाळण्याचे काम त्यांच्या प्रोग्रामकडे आले. कॉडच्या नियमाला यात मुरड पडली, तरी डेटाबेस बदलावा लागला नाही. मला हा व्यवहारी मार्ग आवडतो.

पुढे डेटाबेसनेच गाठोड्यात डोकवायला सुरुवात केली. पोस्टग्रेसने २०१२ मध्ये जेसन हा प्रकार घेतला आणि २०१४ मध्ये जेसनबी. जेसनबीच्या आतल्या मजकुराची सूची डेटाबेस स्वतः करतो. नक्की असलेल्या गोष्टी रकान्यांत आणि बदलत्या गोष्टी गाठोड्यात, अशी सरमिसळ आज सर्रास दिसते. नावासाठी मात्र अजून तेच तीन रकाने आखले जातात.