बांबूच्या पोटातली गारगोटी

लहानपणी खोकला झाला की अम्मी मधात सितोपलादी चूर्ण कालवून चाटवायची. त्यात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडे २ आणि दालचिनी १ भाग. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पोकळ पेरांत साचून वाळलेला पांढरट खडा. संस्कृतातली त्वक्क्षीरी फारसीत जाऊन तबाशीर झाली आणि हकिमांच्या दवाखान्यात बसली. वैद्य आणि हकीम, दोघांचा भरवसा एकाच खड्यावर!

अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तबाशीरची चर्चा केली आहे. पण हा खडा नेमका कशाचा, हे कळायला आणखी सव्वादोनशे वर्षे लागली. १७९० साली डॉ. पॅट्रिक रसेल यांनी तबाशीरचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. त्यांतला विकत मिळणारा सर्वांत उत्तम नमुना होता हैदराबादचा. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच हैदराबादचा. जेम्स मेसी या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते खडे तपासले आणि १७९१ साली सांगितले की, ही तर गारगोटीच्या जातीची माती, म्हणजेच सिलिका. पुढे मेसीने स्मिथसन हे नाव घेतले. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था त्याच्याच देणगीतून उभी राहिली.

आज सिलिका कारखान्यात तयार होते. मसाल्याच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ५५१ हा आकडा दिसला, तर ती हीच. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटू नये म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. तसेच हे सूक्ष्म कण पुडीत गाठी होऊ देत नाहीत. गोळ्यांच्या कारखान्यात औषधाची पूड साच्यात सरळ उतरते, ती यांच्यामुळेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेलाही २०२४ साली या वापरात धोका आढळला नाही. खडी क्रशरच्या धुळीतून श्वासात जाणारी स्फटिकरूप सिलिका मात्र मजुरांची फुप्फुसे निकामी करते. नाव एकच, पण रूप वेगळे आणि वाटही वेगळी.

म्हणून पाकिटावरच्या आकड्याला मी भीत नाही. तो निदान आपली ओळख सांगतो. खरे वंशलोचन दुर्मीळ झाले आहे आणि बाजारात त्याच्या नावाने कृत्रिम खडे सर्रास विकले जातात. त्यांच्यावर कुठलाच आकडा नसतो. विचारपूस करायची, ती तिथे.