सलाफहादाच्या मुलींचे वतन

मराठी बायबलमध्ये इस्राएलच्या वंशांना मिळालेल्या जमिनीसाठी 'वतन' हा शब्द येतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांना तो समजावून सांगावा लागत नाही. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. त्यात बापाचे नाव आणि घराण्याचा मानही आला.

गणना या पुस्तकाचा २७ वा अध्याय आपण याच नजरेने वाचूया. मवाबाच्या मैदानात, यरीहोसमोर, लोकांची दुसरी शिरगणती झाली होती. वाटण्या त्या नोंदीवरून व्हायच्या होत्या. मनश्शे वंशातला सलाफहाद रानात वारला होता. त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा अशा पाच मुली होत्या. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि साऱ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या. बापाला मुलगा नाही, एवढ्यावरून त्याचे नाव कुळातून का पुसले जावे, असे त्यांनी विचारले. मोशेने आपल्या मताने निकाल दिला नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. त्याने गाऱ्हाणे देवापुढे नेले आणि देवाने मुलींचे म्हणणे रास्त ठरवले. मुलगा नसेल तर वतन मुलीकडे जावे, असा सर्वांसाठी नियमच झाला.

भाऊबंद मात्र गप्प बसले नाहीत! ३६ व्या अध्यायात त्यांची हरकत आहे: मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीनही तिकडे जाईल. मग आपल्याच वंशात लग्न करण्याची अट आली आणि पाचही जणींनी चुलतभावांशी लग्ने केली. हक्क मिळाला, पण बंधनासकट. ते झाकून हा पाठ शिकवू नये, असे आम्हाला वाटते.

वाटणीचा हिशेब यहोशवाच्या १७ व्या अध्यायात सापडतो. यार्देनेच्या पश्चिमेस मनश्शेची सहा घराणी होती, पण वाटे पडले दहा. पाच घराण्यांचे पाच. सहावे घराणे मुलींच्या आजोबांचे, हेफेराचे, त्याच्या जागी या पाच जणी.

१९१० साली शोमरोनच्या उत्खननात शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. त्या इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या, राजाकडे आलेल्या तेलाच्या आणि द्राक्षारसाच्या नोंदी आहेत. माल कोणत्या भागातून आला तेही त्यांवर लिहिलेले आहे. गावांची नावे आधीची आणि गोष्ट मागाहूनची, असेही काही अभ्यासक मानतात. काही असो, त्या भागांच्या नावांत अबियेजेर, शेखेम, शमीदा या घराण्यांच्या जोडीला दोन बहिणी आहेत: नोआ आणि होग्ला.