माणसे उभी करणारा पुढारी

'वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काळीभोर जमीन, तीत पिकणारे पांढरे सोने, अमरावती-अकोल्याच्या जिनांतून बाहेर पडणाऱ्या कापसाच्या गाठी! हे सारे पाहून कोणालाही वाटावे की, येथे दारिद्र्य कसले? पण गंमत पाहा. शंभर वर्षांपूर्वी हे सोने ज्याच्या वावरात पिके, त्याच्या घरात ते क्वचितच टिके. बोंड फुटण्याआधीच त्याचा हिशेब सावकाराच्या वहीत लागलेला असे. मुलाला पुढे शिकवावे, तर हायस्कूल शहरात. तेथे त्याला राहायला जागा कोण देणार? आणि ज्यांना अस्पृश्य ठरवून वेशीबाहेर ठेवले, त्यांना तर सार्वजनिक विहिरीचे पाणीसुद्धा बंद.

अशा समाजातून नवे काही करून दाखवणारी माणसे कशी निघावीत? 'उठा, जागे व्हा' असे नुसते म्हटल्याने माणूस उठत नाही. त्याच्या छातीवर जो धोंडा आहे, तो आधी कोणी तरी हलवावा लागतो. डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुखांनी हे ओळखले होते. ते कसे, तेच आज पाहू.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. एडिंबरो आणि ऑक्सफर्डला ते शिकले. वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर त्यांनी प्रबंध लिहिला, बॅरिस्टरही झाले आणि १९२६ साली परत आले. इतका शिकलेला माणूस मुंबईस वकिली करता तर पैशाला तोटा नव्हता. पण ते अमरावतीस राहिले आणि मुलांसाठी वसतिगृह काढण्याच्या मागे लागले. स्वामी श्रद्धानंदांचे नाव दिलेले हे वसतिगृह सर्व जातींच्या मुलांना खुले होते.

शाळेआधी वसतिगृह का? कारण अडचण बुद्धीची नव्हती, बिऱ्हाडाची होती. खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा आणि दोन वेळची भाकर मिळाली की पुढचे तो पाहून घेतो, हा विश्वास त्यामागे होता. सहकाऱ्यांकडून, शिष्यांकडून मोठे काम व्हावे असे वाटणाऱ्याने ही खूणगाठ बांधून ठेवावी. माणूस अडतो कोठे, ते आधी शोधावे. उपदेश मागाहून करता येतो.

दुसरा धोंडा शिवाशिवीचा. १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्या चळवळीत भाऊसाहेब पुढे होते. १९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करवल्या. भाषणे करणारे पुष्कळ असतात हो, पण हाती अधिकार येताच तोच शब्द हुकुमात उतरवणारे थोडे. शिवाय ह्या गोष्टीचा आरंभ त्यांनी स्वतःच्या घरापासून केला होता. त्यांचा विमलाबाईंशी झालेला विवाह आंतरजातीय होता. ह्याच विमलाबाई पुढे, १९६७ साली, राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

तिसरा धोंडा कर्जाचा. १९३० ते १९३३ भाऊसाहेब मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात होते. १९३३ चा कर्जलवाद कायदा हे त्या काळातले फळ. ह्या कायद्याची युक्ती साधी होती. धनको आणि ऋणको यांना लवाद मंडळापुढे समोरासमोर बसवायचे, देण्याची वाजवी रक्कम ठरवायची आणि ती हप्त्यांनी फेडायची. सावकार बुडत नाही आणि कुणब्याची जमीनही जात नाही. पुढे १९३४ साली पंजाबने आणि १९३६ साली मद्रासने अशाच धर्तीचे कायदे केले. वऱ्हाडच्या वावरात सुचलेली गोष्ट इतर प्रांतांच्याही उपयोगी पडली!

ह्या धामधुमीतच १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. आज अमरावती, अकोला आणि आसपासच्या जिल्ह्यांत तिच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे आहे. ह्या जाळ्यातून पिढ्यान् पिढ्या शिक्षक निघाले. त्यांतले कितीतरी असे की, ज्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी पाटी धरली नव्हती.

१९५२ पासून दहा वर्षे भाऊसाहेब केंद्रात शेतीचे काम पाहत होते. भाताच्या जपानी पद्धतीचा त्यांनी देशभर पुरस्कार केला. निवडक बी, वाफ्यावर तयार केलेली रोपे, ओळीत लावणी, पुरेसे खत, अशी ती रीत. तिला मेहनत फार लागे, त्यामुळे ती सगळीकडे रुजली असे नव्हे. पण 'बापजाद्यांची रीत तीच खरी' ह्या समजुतीला तिने धक्का दिला. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापला आणि १९५९ च्या डिसेंबरात ह्याच समाजाने दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर तेथे आले होते. अमेरिका आणि रशिया, एरवी एकमेकांकडे पाठ फिरवणारे देश, आपापली अवजारे घेऊन भारतीय शेतकऱ्यापुढे हजर झाले. यजमान कोण, तर शेतकऱ्यांची संघटना!

१० एप्रिल १९६५ रोजी भाऊसाहेब गेले. पुढाऱ्याची परीक्षा खरी येथून सुरू होते. तो गेल्यावर माणसे पोरकी होऊन बसतात की उभी राहतात? १९६७ साली विदर्भासाठी कृषी विद्यापीठ मागायला अकोल्याचे विद्यार्थी आणि नागरिक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, माणसांचे प्राण गेले. पण मागणी मागे हटली नाही. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला नाव मिळाले पंजाबरावांचे. नेता हयात नसताना लोकांनी ही मागणी धसास लावली. माणसे उभी राहिली होती, ह्याला याहून मोठा दाखला कोणता?

पण वाचकहो, हिशेब येथे मिटला असे समजू नका. ज्या मातीत कर्जलवादाचा कायदा सुचला, त्याच मातीत आजही कर्जापायी शेतकरी जीव देतो. विहिरी खुल्या झाल्या, शाळा झाल्या, विद्यापीठ झाले. तिसरा धोंडा मात्र पुन्हा छातीवर येऊन बसला आहे. भाऊसाहेबांच्या पुतळ्याला दरवर्षी हार पडतात, ते पडोत. पण हार घालणाऱ्याने स्वतःला एवढे विचारावे : आपल्या गावातला माणूस आज कोठे अडला आहे, आणि तो धोंडा हलवायला आपण हात लावला का?