वाय-फाय फ्रेम व तिचे विश्लेषण

वाय-फाय फ्रेम व तिचे विश्लेषण : घर, कचेरी वा महाविद्यालय यांच्या आवारातील संगणक, भ्रमणध्वनी इ. साधने रेडिओ तरंगांनी जोडणाऱ्या बिनतारी जाळ्यात माहिती सलग प्रवाहाने न जाता लहान लहान तुकड्यांनी जाते. पत्ते, क्रमांक व तपासणीचे अंक यांसह बांधलेल्या अशा प्रत्येक तुकड्यास फ्रेम (चौकट) म्हणतात. हवेतून जाणाऱ्या फ्रेम टिपून त्यांतील प्रत्येक बिटाचा (० वा १ या द्विमान अंकाचा) अर्थ लावणे म्हणजे फ्रेम-विश्लेषण होय. तार ही तिच्या दोन टोकांची असते, हवा मात्र सर्वांची असते. त्यामुळे फ्रेमचा काही भाग सर्वांना वाचता यावा आणि काही भाग कोणासही वाचता येऊ नये, अशा दोन परस्परविरोधी गरजा या तंत्रात प्रारंभापासून आहेत. फ्रेमचा इतिहास हा मुख्यतः या दोन गरजांचा मेळ घालण्याचा इतिहास आहे.

उगम : हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी विविध बेटांवरील केंद्रे मध्यवर्ती संगणकास रेडिओने जोडण्यासाठी ‘अलोहा’ ही प्रणाली उभारली व जून १९७१ मध्ये ती कार्यान्वित झाली. तिच्या पूर्ण संदेशखंडात ७०४ बिट असत : ३२ शीर्षाचे, १६ शीर्षाच्या तपासणीचे, ६४० माहितीचे व १६ माहितीच्या तपासणीचे. कोणत्याही केंद्राने हवे तेव्हा प्रेषण करावे, पोच न आल्यास यदृच्छया ठरविलेल्या विलंबाने तोच संदेशखंड पुन्हा पाठवावा, एवढाच तिचा नियम होता. दोन प्रेषणे एकाच वेळी झाली की दोन्ही निकामी होत. त्यामुळे गणिताप्रमाणे मार्गाच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भागच उपयोगी पडे. पोच व पुनःप्रेषण या दोन्ही कल्पना वाय-फायमध्ये आजही टिकून आहेत.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये उदयास आलेल्या ईथरनेटने ‘आधी ऐका, मग बोला’ हा नियम आणला. तारेत प्रेषण चालू असतानाच टक्कर ओळखता येते. रेडिओत मात्र साधनाच्या स्वतःच्या प्रेषणापुढे दूरचा क्षीण संकेत लोपतो. शिवाय एकाच केंद्राशी बोलणारी दोन साधने परस्परांच्या ऐकण्याच्या टप्प्याबाहेर असू शकतात. या ‘दडलेल्या साधना’च्या प्रश्नावर फिल कार्न यांनी १९९० मध्ये हौशी रेडिओ संदेशवहनासाठी उपाय सुचविला. आधी छोटी विनंती पाठवावी, समोरच्याने छोटी अनुमती द्यावी आणि ती ऐकणाऱ्या इतरांनी तेवढा वेळ थांबावे, असे त्याचे स्वरूप होते. वदुवूर भरघवन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये तीत पोचेची भर घातली.

मानक : अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये ९०० मेगॅहर्ट्झ, २.४ व ५.८ गिगॅहर्ट्झ यांजवळचे तीन कंप्रता-पट्टे विस्तारित वर्णपट तंत्रासाठी परवान्याविना खुले केले. १९९० मध्ये विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने (आयईईई) ८०२.११ हा कार्यगट स्थापिला. एनसीआर कंपनीचे व्हिक हेज हे दहा वर्षे त्याचे अध्यक्ष होते. जून १९९७ मध्ये संमत झालेल्या पहिल्या मानकात दर सेकंदास १ व २ मेगॅबिट एवढाच वेग होता. १९९९ मधील ‘बी’ व ‘ए’ या पुरवण्यांनी तो अनुक्रमे ११ व ५४ मेगॅबिटांपर्यंत नेला.

रचना : फ्रेमचे तीन प्रमुख प्रकार आहेत. जाळ्याची घोषणा करणे, ओळख पटविणे, जोडणे व तोडणे ही कामे व्यवस्थापन फ्रेम करते. विनंती, अनुमती व पोच ही कामे नियंत्रण फ्रेमकडे असतात, तर डेटा फ्रेम प्रत्यक्ष माहिती वाहते. फ्रेमचे पहिले दोन बाइट (बाइट म्हणजे ८ बिटांचा गट) नियंत्रणाचे असतात. मानकाची आवृत्ती, प्रकार, उपप्रकार, प्रवाहाची दिशा, पुनःप्रेषण, वीजबचत व कूटबद्धता यांच्या खुणा त्यांत येतात. पुढील दोन बाइटांत सामान्यतः हवा किती मायक्रोसेकंद व्यापली जाणार आहे, हा कालावधी असतो. तो ऐकणारी इतर साधने आपले घड्याळ त्याप्रमाणे लावून गप्प बसतात. त्यानंतर प्रत्येकी सहा बाइटांचे पत्ते, दोन बाइटांचा अनुक्रमांक, मजकूर व शेवटी चार बाइटांची तपासणी येते. पत्ते जास्तीत जास्त चार असू शकतात, कारण हवेतील प्रेषक व ग्राही हे मूळ प्रेषक व अंतिम ग्राही यांहून भिन्न असू शकतात. पोचेची फ्रेम अवघ्या १४ बाइटांची असते. २.४ गिगॅहर्ट्झ पट्ट्यात ती १० मायक्रोसेकंदांच्या अंतराने पाठविली जाते. कालावधी व पत्ते झाकले तर इतरांना केव्हा थांबावे हे कळणार नाही, म्हणून शीर्ष उघडे ठेवणे अपरिहार्य ठरले.

संरक्षण : १९९७ च्या मानकातील ‘वेप’ ही कूटपद्धती मजकूर झाकीत असे. तीत प्रत्येक फ्रेमसाठी बदलणारा प्रारंभिक अंक केवळ २४ बिटांचा होता. त्याची १,६७,७७,२१६ मूल्ये गर्दीच्या जाळ्यात काही तासांत संपत व पुन्हा वापरली जात. २००१ मध्ये बोरिसॉव्ह, गोल्डबर्ग व वॅग्नर यांनी हा व इतर दोष मांडले. त्याच वर्षी फ्लरर, मँटिन व शमीर यांनी पुरेशा फ्रेम टिपल्यास किल्लीच हाती लागते हे दाखविले. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ हा तात्पुरता उपाय वापरात आला व २००४ मध्ये ८०२.११आय ही पुरवणी संमत झाली. व्यवस्थापन फ्रेम तरीही उघड्याच राहिल्या. संबंध तोडण्याची खोटी सूचना पाठवून कोणासही जाळ्याबाहेर काढता येते, हे बेलार्डो व सॅव्हेज यांनी २००३ मध्ये सिद्ध केले. त्यावरील उपाय २००९ मध्ये मानकात आला आणि २०१८ च्या ‘डब्ल्यूपीए-३’ मध्ये तो सक्तीचा झाला. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ यांनी उघड केलेला दोष विशेष बोधप्रद आहे. किल्ली ठरविणाऱ्या चार संदेशांपैकी तिसरा पुन्हा मिळाल्यास अनेक साधने तीच किल्ली पुन्हा बसवीत आणि एकदाच वापरावयाचे अंक पुन्हा पहिल्यापासून मोजू लागत. अलोहापासून चालत आलेले पुनःप्रेषण हेच येथे आघाताचे साधन झाले.

भारतातील संदर्भ : भारतात २.४ गिगॅहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. २००८ मधील बॉम्बस्फोटांशी संबंधित ई-पत्रे नवी मुंबई व मुंबई येथील असंरक्षित वाय-फाय जोडण्यांतून पाठविल्याचे तपासात आढळले. फ्रेममधील साधनाचा पत्ता पहिल्या मार्गनिर्देशकापलीकडे (राउटरपलीकडे) जात नाही. पुढे केवळ जोडणीधारकाचा इंटरनेट-पत्ता दिसतो. त्यामुळे संशयाचा पहिला रोख ज्याची जोडणी त्याच्यावरच येतो. २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना दिल्या.

विश्लेषण व शिक्षण : जेराल्ड कोंब्स यांचे १९९८ मधील ‘इथिरियल’ (२००६ पासून ‘वायरशार्क’) हे मुक्त साधन फ्रेम वाचण्यास सर्वत्र वापरले जाते. सीडब्ल्यूएनपी या संस्थेने कोणत्याही एका उत्पादकाशी न बांधलेली ‘सीडब्ल्यूएपी’ ही प्रमाणपत्र-परीक्षा केवळ विश्लेषणासाठी योजिली आहे. जाळे मंद झाल्यास पुनःप्रेषणाच्या खुणांचे प्रमाण, वापरलेला वेग व पोचेचा अभाव यांवरून कारण शोधणे परीक्षार्थ्यास शिकावे लागते. टिपणारे साधन सामान्यतः एका वेळी एकाच वाहिनीवर ऐकते. तसेच त्याला ऐकू आले ते मूळ ग्राहीस ऐकू आलेच असेल असे नाही. म्हणून टिपण कोठून केले, याची नोंद विश्लेषणात आवश्यक मानतात.

उघड्या शीर्षातील कायम पत्त्यावरून साधनधारकाचा माग काढता येतो. हे टाळण्यासाठी ॲपलच्या भ्रमणध्वनींत २०१४ पासून जाळी शोधताना यदृच्छ पत्ता वापरण्यास प्रारंभ झाला व पुढे इतर उत्पादकांनीही तो मार्ग स्वीकारला. शीर्ष अद्याप उघडेच आहे, मात्र त्यातील पत्ता आता धारकाची कायम ओळख असेलच असे नाही. परिणामी पत्ता हीच साधनाची ओळख मानणाऱ्या जुन्या विश्लेषण-रीतींत बदल करावा लागला आहे.